फुटबॉलचें क्रीडांगण आणि अपंग प्रेक्षक

इ. स. १९२७ च्या जानेवारीची १५ तारीख. लंडनजवळील ट्विकनॅम येथील मैदानाच्या कडेस एक लांकडी खोपटें उभारलेलें होतें आणि आंत कॅप्टन वेकलॅम हे ध्वनिग्राहकासमोर बसले होते. इंग्लंड व वेल्स यांच्यामधील रग्बीचा सामना सुरू व्हावयाचा होता. चालू खेळाचें वर्णन नभोवाणीवरून घरोघर पोंचविण्याचा ब्रिटनमधील हा पहिलाच प्रयोग. न दिसणाऱ्या असंख्य श्रोत्यांशीं बोलावयाचें तरी कसें? या अडचणीवर निर्माते लॅन्स सीव्हकिंग यांनीं मोठा मार्मिक उपाय योजिला. सेंट डन्स्टन्स नांवाच्या संस्थेंतील एक अंध गृहस्थ त्यांनीं खोपट्याच्या खिडकीपाशीं आणून बसविला. वेकलॅम यांनीं त्याला खेळ समजावून सांगावयाचा, आणि तेंच सर्व देशानें ऐकावयाचें! पुढच्याच शनिवारीं, २२ जानेवारीस, हायबरीच्या मैदानावरून आर्सेनल व शेफील्ड युनायटेड यांचा फुटबॉलचा सामना ऐकविण्यांत आला.

खेळाच्या धांवत्या वर्णनाची कला अशा रीतीनें एका अंध माणसाच्या साक्षीनें जन्मास आली. परंतु ज्याच्याकरितां ती प्रथम बोलली गेली, त्याला मैदानांत हक्काची जागा मिळण्यास मात्र पुढें कित्येक वर्षें लागलीं.

सेंट डन्स्टन्स ही संस्था १९१५ सालीं निघाली. तिचे संस्थापक सर आर्थर पीअर्सन हे मोठे वृत्तपत्रमालक. त्यांची स्वतःची दृष्टि गेलेली होती. पहिल्या महायुद्धानें डोळे, हात, पाय गमावलेल्या तरुणांची एक पिढीच युरोपास परत दिली. हिंदी सैनिकही त्यांतून सुटले नव्हते. लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें १९१७ सालीं निघालेली आणि पुढें पुण्याजवळ खडकी येथें स्थिरावलेली अपंग सैनिकांची उद्योगशाळा ही त्याच काळाची खूण होय. इंग्लंडांतील या तरुणांपैकीं पुष्कळांचें एकच व्यसन होतें, तें म्हणजे शनिवारीं दुपारीं फुटबॉलचा सामना पाहणें. युद्धानें पाय नेला, पण ही आवड कशी जाणार?

येथें त्या काळचें मैदान कसें होतें हें ध्यानांत घेतलें पाहिजे. इंग्लंड-स्कॉटलंडमधील बहुतेक प्रसिद्ध मैदानें आर्चिबाल्ड लीच या ग्लासगोच्या स्थापत्यविशारदानें आंखलेलीं. १९०२ सालीं त्याच्याच आयब्रॉक्स मैदानावरील लांकडी सज्जा कोसळून २५ माणसें मेलीं. तेव्हांपासून मातीचे भराव घालून त्यांवर पायऱ्या बांधण्याची पद्धति पडली. हजारों माणसें त्या पायऱ्यांवर खांद्यास खांदा लावून उभीं राहात. आंत शिरण्याची वाट म्हणजे लोखंडी फिरतें फाटक, ज्यांतून एका वेळीं एकच सडपातळ माणूस जाऊं शकेल. कुबड्यांच्या माणसास हें फाटक कठीण. चाकांच्या खुर्चीस तर तें बंदच. क्रीडांगण म्हणजे दुसरें कांहीं नसून एक प्रचंड जिना होता. अपंगांस बाहेर ठेवावें असें कोणीं ठरविलें नव्हतें. फक्त जिना बांधतांना त्यांची आठवण कोणासच झाली नाहीं, आणि परिणाम तोच झाला.

मग कित्येक क्लबांनीं एक सवड काढली. अपंगांस बाजूच्या मोठ्या दरवाज्यानें आंत घ्यावयाचें आणि खेळाच्या हद्दीच्या रेषेलगत बसवावयाचें. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडून अपंगांस तीन चाकांच्या लहान मोटारी मिळूं लागल्या. 'इन्व्हाकार' या नांवाच्या गाडीचा जनक बर्ट ग्रीव्ह्ज याला ती आपल्या पंगु चुलतभावासाठीं केलेल्या वाहनावरून सुचली होती. फिकट निळ्या रंगाच्या या गाड्यांची ओळ मैदानाच्या कडेस उभी असलेली १९७० च्या सुमारास चेल्सी क्लबाच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावरील चित्रांत दिसते. चित्र मोठें मनोहर दिसतें. परंतु आंत बसलेल्याच्या डोळ्यांनीं तें पाहावें! गाडींत बसावयास जागा एकच, म्हणून सोबती दुसरीकडे. कांचेवर पाऊस. दृष्टि जमिनीच्या पातळीवर, त्यामुळें पलीकडच्या गोलापाशीं काय चाललें आहे याचा अंदाजच करावयाचा. आणि मुख्य म्हणजे ही जागा ही कृपा होती. कृपा करणाऱ्याचे उपकार मानावेत, पण कृपेविषयीं तक्रार करतां येत नाहीं. या गाड्या रस्त्यांवरून २००३ सालीं कायमच्या बंद झाल्या.

याच काळांत वैद्यकानेंही प्रश्नाचें रूप पालटलें. १९४४ सालीं स्टोक मॅन्डेव्हिल येथें डॉ. लुड्विग गुटमन यांनीं पाठीच्या कण्यास इजा झालेल्यांसाठीं विभाग उघडला. पूर्वीं असे रोगी बहुधा थोड्याच काळांत मृत्यु पावत. आतां ते वर्षानुवर्षें जगूं लागले. २९ जुलै १९४८ रोजीं गुटमन यांनीं चाकांच्या खुर्च्यांवरील १६ जणांचे तिरंदाजीचे सामने भरविले. पुढें त्याच रोपट्याचा मोठा वृक्ष झाला आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें सांगलीकडील मुरलीकांत पेटकर या जखमी सैनिकानें पोहण्यांत सुवर्णपदक मिळविलें. जो माणूस स्वतः खेळूं शकतो, त्याला खेळ पाहावयास मात्र कोपरा शोधावा लागावा, ही विसंगति फार दिवस टिकणें शक्य नव्हतें.

कायद्यानें पहिलें पाऊल १९७० सालीं टाकलें. मँचेस्टरचे पार्लमेंटचे सभासद आल्फ मॉरिस यांचे वडील महायुद्धांत जखमी होऊन अपंग झाले होते. दारिद्र्य आणि अपंगत्व दोन्ही घरांत पाहिलेल्या या पुत्रानें अपंगांविषयींचा कायदा संमत करून घेतला. सार्वजनिक इमारतींत अपंगांची सोय करावी, असें त्यांत सांगितलें आहे. मात्र त्यास एक शेपूट जोडलेलें होतें : 'व्यवहार्य व वाजवी असेल तेथवर.' या पांच शब्दांच्या आडोशास कितीतरी मालक सुखानें राहिले.

वास्तविक क्रीडांगणें बदललीं तीं दुर्घटनांमुळें. १९७१ च्या २ जानेवारीस आयब्रॉक्सच्या एका जिन्यावर ६६ माणसें चिरडून मेलीं आणि त्यांतून १९७५ चा सुरक्षिततेचा कायदा आला. ११ मे १९८५ रोजीं ब्रॅडफर्ड येथील जुनी लांकडी प्रेक्षागारें आगीनें कांहीं मिनिटांतच गिळलीं; ५६ जण दगावले. मागचे दरवाजे बंद होते. १९८९ सालीं हिल्सबरो येथें झालेल्या चेंगराचेंगरींत एकंदर ९७ जीव गेले. त्यावरील चौकशीचा टेलर अहवाल १९९० च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला आणि वरच्या दर्जाच्या मैदानांवर सर्वांस बसून पाहण्याची व्यवस्था करणें भाग पडलें. जुने भराव जाऊन नवीं प्रेक्षागारें उभीं राहूं लागलीं. अपंगांच्या दृष्टीनें ही संधि होती. ती सर्वत्र साधली गेली असें म्हणवत नाहीं.

कारण येथें एक बारीक, पण निर्णायक गोष्ट आहे. गोल होण्याचा संभव दिसतांच पुढचे प्रेक्षक आपोआप उठून उभे राहतात. तो क्षण म्हणजे सामन्याचा प्राण. आणि नेमक्या त्याच क्षणीं चाकांच्या खुर्चींतील माणसास पाठींशिवाय कांहीं दिसत नाहीं! उपाय एकच. त्याचा चौथरा इतका उंच करावयाचा कीं, पुढचा माणूस उभा राहिला तरी मागच्याची नजर त्याच्या डोक्यावरून जावी. २००३ सालच्या क्रीडांगणविषयक मार्गदर्शिकेनें हा मुद्दा स्पष्ट मांडला. ब्रिटनमध्यें रूढ झालेल्या प्रमाणानुसार १०,००० आसनांच्या मैदानांत अशा १०० जागा, २०,००० स १५०, ४०,००० स २१०, आणि त्यावर दर हजारीं दोन द्याव्यात. २००७ सालीं उघडलेल्या नव्या वेंब्लीची ९०,००० आसनें. तेथें ३१० जागा आहेत, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. नवें बांधतांना हें सोपें असतें, जुन्यांत तें करणें म्हणजे भांडण विकत घेणें.

भेदभावविरोधी कायदा १९९५ सालचा. इमारतींतील अडथळे दूर करण्याचें त्यांतील कलम २००४ च्या ऑक्टोबरांत अंमलांत आलें. तरीसुद्धां २०१४ सालीं बी. बी. सी. नें तपास केला तेव्हां प्रीमियर लीगच्या २० क्लबांपैकीं १७ जणांकडे ठरलेल्या प्रमाणाइतक्या जागा नव्हत्या. ज्यांच्या खेळाडूंचें आठवड्याचें वेतन लाखांच्या भाषेंत मोजलें जाई, त्यांस चौथरे परवडत नव्हते असें कोण म्हणेल? आणखीही एक गाऱ्हाणें पुढें आलें. पाहुण्या संघाच्या अपंग पाठिराख्यास कित्येक ठिकाणीं यजमानांच्या गर्दींत बसवीत. आपल्या बाजूनें गोल केला असतां त्यानें हर्ष गिळून गप्प बसावयाचें! हें दुःख जिन्याच्या दुःखाहून लहान नव्हे.

अखेर सप्टेंबर १९१५ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे सेंट डन्स्टन्सच्या स्थापनेस शतक लोटल्यावर, प्रीमियर लीगच्या क्लबांनीं ऑगस्ट २०१७ पर्यंत मार्गदर्शिकेप्रमाणें सोयी करण्याचें वचन दिलें. मुदत संपली तेव्हां सर्वांचें काम पुरें झालेलें नव्हतें. अंधांसाठीं मैदानांतच कानाशीं खेळाचें वर्णन ऐकविण्याची व्यवस्थाही आतां पुष्कळ ठिकाणीं आहे. जर्मनींत लेव्हरकूझेन येथील क्लबानें ती १९९९ सालीं सुरू केली.

मँचेस्टर युनायटेडचें ओल्ड ट्रॅफर्ड हें लीचनें आंखलेलें, १९१० सालचें मैदान. तेथें अपंगांच्या जागा तिपटीच्या सुमारास वाढवून तीनशेंवर नेण्याचें ठरलें. प्रत्येक उंच चौथऱ्याखालीं आसनांच्या ओळी जातात, म्हणून सुमारें २,६०० वार्षिक तिकीटधारकांस आपली नेहमींची जागा टप्प्याटप्प्यानें सोडावी लागणार होती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खुर्चीवर बसत आलेल्या कुटुंबांस हें जड गेलें असल्यास नवल नाहीं. काम मात्र सुरू झालें.