नॉकिंगवरचा पहारा

ठिणगी पडली की पेट्रोलची ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती कडेला पोचण्याआधीच तिथलं उरलंसुरलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून पेटलं, तर पत्र्यावर खडे आपटावेत तसा आवाज येतो. गॅरेजच्या भाषेत हे नॉकिंग. पिस्टनला भोक पाडण्याइतका त्याचा मार जबर असतो, म्हणून ट्यूनिंग करणारा माणूस सतत त्याच्या मागावर असतो.

या आवाजाचा पहिला आरोपी चुकीचाच पकडला गेला. 1912च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीवर चालणारी इग्निशन यंत्रणा आली. इंजिन ठोके देऊ लागलं की लोक त्या इग्निशनला नावं ठेवू लागले. इंग्लंडात केंब्रिजचे हॉपकिन्सन आणि त्यांचे शिष्य हॅरी रिकार्डो मात्र नॉकिंग आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटणं या दोन वेगळ्या व्याधी आहेत, हे दाखवत होते.

नॉकिंगचं मूळ शोधण्याचं काम केटरिंगने 1916मध्ये डेटनच्या प्रयोगशाळेत आलेल्या थॉमस मिजलीकडे सोपवलं. पुढची हकीकत मोठी गमतीची आहे. लाल पानांची एक रानवेल थंडीतही लवकर फुलते, कारण लाल रंग उष्णता शोषतो, असा दोघांचा तर्क. मग इंधनच लाल केलं तर? रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडिन घातलं आणि ठोके थांबले! नंतर खरे लाल रंग वापरून पाहिले, तर त्यांचा काडीचा उपयोग होईना. तर्क साफ चुकला होता, पण इंधनात काही मिसळून नॉकिंग आवरता येतं हे कळलं होतं. त्याच वाटेने डिसेंबर 1921मध्ये टेट्राइथाइल लेड सापडलं. ते घातक विष होतं: 1924मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात कामगार दगावले, तरी शिशाचं पेट्रोल जगभर खपत राहिलं. भारतात ते 2000 साली बंद झालं.

पण ठोका किती मोठा, हे ठरवायचं कशाने? प्रत्येकाचे कान वेगळे. मिजली आणि त्याचा सहकारी टी. ए. बॉइड यांनी यावर काढलेला तोडगा साधा आणि फार सुंदर होता. सिलिंडरच्या भोकावर पातळ पडदा आणि त्यावर टेकलेली पोलादी पिन. नॉकिंग झालं की पिन उडे, विजेचे संपर्कबिंदू जुळत. त्या विजेने आम्लमिश्रित पाण्यातून वायू सुटे आणि तो नळीत मोजला जाई. आवाजाला प्रथमच आकडा मिळाला. ऑक्टेन क्रमांकाच्या चाचणी-इंजिनावर हीच उडती पिन पुढे अनेक वर्षं वापरात होती.

चालत्या गाडीत मात्र ती चालणारी नव्हती. तिथे कामाला आला तो स्फटिक. दाब पडला की काही स्फटिकांत वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी 1880मध्येच दाखवलं होतं. ठोक्याने सिलिंडरमधला वायू ठरावीक सुरात थरथरतो आणि तो सूर सिलिंडरच्या व्यासावर अवलंबून असतो, हे 1930च्या दशकात एमआयटीच्या ड्रेपर यांनी मांडलं. 86 मिलिमीटर व्यासाला हा सूर साधारण साडेसहा किलोहर्ट्झ भरतो. सेन्सरने कोणता आवाज ऐकायचा, हे त्यावरून ठरतं. 1978च्या टर्बो ब्यूइकमध्ये सेन्सरने ठोका ऐकला की ठिणगी आपोआप उशिरा पडे. साबच्या एपीसी यंत्रणेने त्यापुढे जाऊन टर्बोचा दाबच कमी करायला सुरुवात केली.

ट्यूनर पाहतो ते दुसरं माप म्हणजे एक्झॉस्टचं तापमान. त्याचं घराणं निराळं. दोन धातूंच्या तापलेल्या सांध्यातून वीज मिळते, हा सीबेकचा 1821चा शोध. क्रोमेल-अल्युमेलची जोडी अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देते आणि हजार अंशांपलीकडेही टिकते. 1960च्या दशकात टेक्सासच्या अल्कोर कंपनीने या जोडीवर चालणारी एक्झॉस्टच्या तापमानाची सुई लहान विमानांत रुजवली. मिश्रणातलं इंधन हळूहळू कमी करत जायचं. सुई चढते, शिखर गाठते, मग उतरते. त्या शिखरावरून वैमानिक मिश्रण ठरवत. मोटारींच्या ट्यूनिंगमध्येही तीच सुई आली.

नवखे ट्यूनर फसतात ते इथेच. ठिणगी उशिरा पाडली की नॉकिंग थांबतं, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळण चालूच राहतं आणि तापमान चढतं. त्याची झळ टर्बोच्या पात्यांना लागते. उलट जोराचं नॉकिंग चालू असताना उष्णता पिस्टनमध्ये आणि सिलिंडरच्या भिंतींत शिरते, त्यामुळे एक्झॉस्टची सुई खाली येऊ शकते. ‘तापमान कमी, म्हणजे सगळं ठीक’ हा निष्कर्ष अशा वेळी पिस्टनच्या जिवावर बेततो. दोन्ही मापं एकत्रच वाचायला हवीत. म्हणूनच महागडी उपकरणं असूनही काही ट्यूनर ब्लॉकला तांब्याची चपटी केलेली नळी बोल्टने आवळतात आणि तिचं दुसरं टोक कानाला लावून बसतात.

साध्या गाडीच्या मालकाने एवढं पाहावं: नॉक सेन्सर काढून परत बसवताना बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळायला सांगावा. बहुतेक ठिकाणी तो वीस न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ढिला किंवा जास्त घट्ट झाला, तर सेन्सर चुकीचं ऐकतो.