हेसेद

हिब्रू धर्मग्रंथांतील एक मूलभूत संज्ञा. संबंधातून उद्भवणारे व कृतीने सिद्ध होणारे निष्ठायुक्त प्रेम, असा तिचा स्थूल अर्थ. ती या ग्रंथांत सु. २५० वेळा आढळते आणि ईश्वराप्रमाणेच माणसामाणसांतील वर्तनासही लागू होते. अहावा (प्रेम) व रहामिम (माया) या तिच्या निकटच्या संज्ञा होत. रहामिमचा संबंध गर्भाशयवाचक रेहेम या शब्दाशी आहे.

अनुवाद या ग्रंथाच्या सातव्या अध्यायानुसार ईश्वराने इस्राएलाची निवड केली, ती लोकसंख्येमुळे नव्हे, तर प्रेमामुळे. त्याच ग्रंथात ईश्वरावर प्रेम करण्याची आज्ञाही आहे. अ‍ॅसिरियाच्या इ. स. पू. ६७२ मधील करारांत मांडलिकांना युवराजावर प्रेम करण्यास बजावले आहे. अशा करारांच्या भाषेशी अनुवादातील प्रेमाचे साम्य मोरान यांनी १९६३ मध्ये दाखविले. नेल्सन ग्लूक यांनी १९२७ मध्ये हेसेदचा अर्थ करारजन्य कर्तव्य असा लावला. कॅथरिन साकेनफेल्ड यांनी १९७८ मध्ये त्यातील स्वेच्छेवर भर दिला. होशेय (इ. स. पू. आठवे शतक) या संदेष्ट्याच्या ग्रंथात दोन्ही बाजू एकत्र येतात : प्रजा करार मोडते, तरी मुलाला चालावयास शिकविणाऱ्या पित्याप्रमाणे ईश्वराला तिचा त्याग करवत नाही.

ग्रीक भाषांतरात हेसेदसाठी बहुधा एलेओस, तर लॅटिनमध्ये मिसेरिकॉर्डिया हे करुणावाचक शब्द आले. मराठी बायबलमधील ‘दया’ हा शब्द याच परंपरेशी जुळतो. सव्वीस कडव्यांच्या १३६ व्या स्तोत्रात प्रत्येक कडव्याच्या अखेरीस तो येतो. तथापि दया अनोळखी व्यक्तीवरही करता येते. हेसेदला पूर्वसंबंध अभिप्रेत असतो. मूळ भाषेकडे वळण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्ये निघाले. पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले.

नंदुरबार जिल्ह्यात (स्थापना १९९८) हा अर्थाचा प्रश्न दुहेरी होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे कार्य पश्चिम खानदेशात सुरू झाले. तेथील मावची, देहवाली, पावरी इ. बोली बोलणाऱ्यांना मराठी ही मातृभाषा नव्हती. त्यामुळे हिब्रू संज्ञेचा आशय त्यांच्यापर्यंत जाण्यास मराठीचाही टप्पा ओलांडावा लागे. हिब्रूत हेसेद ‘करावयाचे’ असते, केवळ वाटावयाचे नसते. म्हणून भावनावाचक प्रतिशब्द कोणत्याही बोलीत अपुरा ठरतो. मराठीत या ग्रंथसंग्रहास ‘जुना करार’ म्हणतात. दयेमागील हा करार ध्यानी घेतला, म्हणजे हेसेदचा अर्थ बराचसा उलगडतो.