ला फाब्रिका
ला फाब्रिका : स्पेनमधील बार्सेलोनालगत सान जुस्त देस्वेर्न येथे जुन्या सिमेंट कारखान्याचे रूपांतर करून साकारलेले आलिशान निवासस्थान व वास्तुकार्यालय.

मूळ कारखाना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. गरजेप्रमाणे भर पडत तो वाढला. त्यात तीसहून अधिक सिमेंट-कोठारे, भुयारे व प्रचंड यंत्रगृहे होती. तो बंद पडल्यावर वास्तुविशारद रिकार्दो बोफील (१९३९–२०२२) यांना १९७३ मध्ये आढळला. त्यांनी बराच भाग सुरुंग व यांत्रिक हातोड्यांनी पाडला. हे काम सुमारे दीड वर्ष चालले. जे उरले त्यावर नवी रचना झाली, म्हणजे येथे बांधकामाइतकेच महत्त्व पाडकामालाही आहे.

राखलेल्या आठ कोठारांत कार्यालये, ग्रंथसंग्रह, अभिलेखागार इत्यादींची सोय केली. ‘कॅथीड्रल’ नावाच्या उंच यंत्रदालनात प्रदर्शने, बैठका व संगीताचे कार्यक्रम होतात. उघड्या काँक्रीटच्या भिंतींत कमानदार उंच खिडक्या बसविल्या. कुठेही न पोहोचणारे जिने आणि निरुपयोगी लोखंडी सळ्या मुद्दाम तशाच ठेवल्या. भिंतींवर वेली चढविल्या असून भोवती निलगिरी, ताड, ऑलिव्ह व सायप्रस हे वृक्ष आहेत.

कारखान्याच्या जमिनीवरच बोफील यांच्या संस्थेचे ‘वॉल्डन ७’ हे निवासी संकुल १९७५ मध्ये उभे राहिले (पहा : सामूहिक गृहरचना). औद्योगिक वास्तूंच्या पुनर्वापराचे ला फाब्रिका हे आरंभीचे, ठळक उदाहरण होय (पहा : औद्योगिक वारसा, काँक्रीट). बोफील यांच्या निधनानंतरही त्यांच्या संस्थेचे कार्यालय येथेच आहे.