पिंपरीचे पेनिसिलीन आणि गोठ्यातला जिवाणू : एक धागा

१/
शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई हे भीमेकाठचे गाव. नदी ओलांडली की दौंड तालुका. ऊस आणि दूध हा या पट्ट्याचा आधार. गाईला दगडी झाली, म्हणजे कास सुजून कडक झाली, की प्रतिजैविक द्यायचे, हे येथे सर्वांच्या परिचयाचे. पण तेच औषध लागू पडेनासे झाले तर? या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे पुणे जिल्ह्यातच घडले.

२/
आरंभ १८८९ चा. बुळकांडीच्या साथींनी देशभर गुरे मरत होती. तेव्हा ब्रिटिश सरकारने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन केली. तिचे प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. १८९३ मध्ये ती कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. त्या काळी जिवाणूजन्य रोगावर प्रतिजैविक नव्हते. आजारी जनावर वेगळे बांधणे, रक्तजल आणि लस, एवढेच उपाय हाती होते.

३/
१९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. स्वतंत्र भारताने ते स्वतः बनवायचे ठरवले. १९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य लाभले आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. दुर्मिळ, आयात करावे लागणारे औषध आता जिल्ह्यातच तयार होऊ लागले.

४/
मात्र धोक्याची सूचना त्याआधीच मिळाली होती. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. त्याचा घसा दुखतो, तो मनानेच थोडे पेनिसिलीन घेतो. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीला गाठतात. तिच्यावर औषध चालत नाही आणि ती दगावते.

५/
पाच वर्षांतच या औषधांनी पशुखाद्यात प्रवेश केला. अमेरिकेतील लेडर्ले कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड कोंबड्यांच्या आहारावर प्रयोग करीत होते. ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला चोथा खाणारी पिल्ले अधिक झपाट्याने वाढताना त्यांना दिसली. १९५० मध्ये हे जाहीर झाले. त्यानंतर निरोगी जनावरांनाही, केवळ वजन वाढावे म्हणून, प्रतिजैविकांची अल्प मात्रा रोज मिळू लागली.

६/
यातला धोका साधा आहे. अल्प मात्रेत दुबळे जिवाणू मरतात, तग धरणारे उरतात आणि वाढतात. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी याहून गंभीर गोष्ट दाखवली : एका जातीचा जिवाणू आपली प्रतिरोधशक्ती दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. म्हणजे कोंबडीच्या आतड्यातील निरुपद्रवी जिवाणूने कमावलेला प्रतिरोध माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूकडे जाऊ शकतो.

७/
१९६९ मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने शिफारस केली की माणसाच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत. १९७६ मध्ये स्टुअर्ट लेव्ही यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य दिल्यावर प्रतिरोधक जिवाणू आधी कोंबड्यांत आणि काही महिन्यांत त्या शेतावरील कुटुंबातही आढळले. तरीही युरोपीय संघात वाढीसाठीच्या प्रतिजैविकांवर संपूर्ण बंदी यायला २००६ साल उजाडले.

८/
आता पुन्हा पुणे जिल्हा. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचन येथे बाएफ ही संस्था स्थापन केली आणि संकरित गाईंचा प्रसार हाती घेतला. १९७० मध्ये देशात ऑपरेशन फ्लड सुरू झाले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात दुधाचा नियमित पैसा आला, ही या काळाची मोठी देणगी. परंतु भरपूर दूध देणाऱ्या गाईला कासदाहाचा धोकाही अधिक. दूध वाढले, तशी औषधांची गरजही वाढली.

९/
औषध दिल्यानंतर त्याचा अंश काही काळ दुधात उतरतो. म्हणून २०१२ मध्ये केंद्र सरकारने औषधाच्या वेष्टनावर प्रतीक्षाकाळ छापणे बंधनकारक केले. विशिष्ट काळ ठरलेला नसेल तेथे दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस. नियम योग्यच, पण सात दिवसांचे दूध ओतून देणे म्हणजे दोन-तीन गाईंच्या गोठ्यात आठवड्याची कमाई ओतून देणे. ही तूट कोणी सोसायची, याचे उत्तर वेष्टनावर नसते.

१०/
कोलिस्टिनची कथा याहून बोलकी. मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे माणसांच्या उपचारात हे औषध मागे पडले होते. जनावरांत मात्र ते चालू राहिले. इतर औषधे निष्प्रभ ठरू लागली तेव्हा रुग्णालयांना तेच शेवटचा आधार म्हणून पुन्हा हाती घ्यावे लागले. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही कोलिस्टिनला दाद न देणारे व तो गुण इतरांना देऊ शकणारे जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यात कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

११/
१९४५, १९६९, १९७६ : इशारा प्रत्येक वेळी वेळेवर आला, नियम मात्र उशिरा. कारण अज्ञान नव्हते. नफा आज हातात पडत होता. नुकसान पुढे, दुसऱ्याच कोणाच्या घरी होणार होते.

१२/
आणि ज्या बुळकांडीमुळे १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा उभी राहिली, तिचे काय झाले? २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. तो रोग विषाणूचा. त्यावर प्रतिजैविक चाललेच नसते. तो संपला लसीमुळे, गावोगाव फिरणाऱ्या लसीकरण पथकांमुळे आणि त्यांच्या खर्चाचा भार उचलणाऱ्या शासनांमुळे. प्रत्येक गोठ्याला एकटे सोडले असते, तर बुळकांडी आजही असती. प्रतिरोधक जिवाणूंशी चाललेल्या लढाईत गोठा अजून बहुतांशी एकटाच आहे.

(धागा समाप्त)