कफाचा वर्ण व प्रतिजैविकें

चरकसंहितेंत क्षयज कासाचें लक्षण सांगतांना दुर्गंधी, हिरव्या व पुवासारख्या कफाची नोंद आहे. तो रोग व आजचा सी. ओ. पी. डी. नामक जुनाट फुप्फुसरोग एकच होत, असें आमचें म्हणणें नाहीं. कफाचा वर्ण पाहण्याची दृष्टि प्राचीन आहे, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

हा जुनाट रोग बळावतांच प्रतिजैविक द्यावें कीं काय, याविषयीं पुष्कळ काळ मतभेद होता. कॅनडांतील विनिपेग येथील अँथोनिसेन व त्यांचे सहकारी यांनीं १९८७ सालीं आपली परीक्षा प्रसिद्ध केली. १७३ रोग्यांचे ३६२ प्रकोप त्यांनीं तपासले. प्रतिजैविकानें ६८, तर औषधहीन गोळीनें ५५ टक्के प्रकोपांत गुण आला. धाप वाढणें, कफ वाढणें व तो पुवासारखा होणें, हीं तिन्ही लक्षणें एकत्र असतां लाभ विशेष दिसला. एकच असतां तसा दिसला नाहीं.

प्रतिजैविकाविनाही निम्म्याहून अधिक प्रकोप शमले, हें विसरतां कामा नये. प्रत्येक धापेस तें देत गेल्यास जंतु त्यास दाद देईनासे होतात, आणि खऱ्या गरजेच्या वेळीं औषध निष्फळ ठरतें. एकाच पोथीवरून पाठ ठरवूं नये, हा आपला नियम येथेंही लागू आहे.