गाविलगड पडला, तो रस्त्यामुळे

चिखलदऱ्याला गेलेला जवळजवळ प्रत्येकजण गाविलगडाचे फोटो काढतो. मीही काढले. सरळसोट कातळ, त्यावर तट, खाली वऱ्हाडचं मैदान. हा गड कुणी जिंकलाच कसा, असं वाटतं. उत्तर त्या फोटोत नाही. ते गडाच्या पाठीमागे, उत्तरेला आहे.

बहमनी सुलतान अहमदशहानं १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला, पुढे फत्तेउल्ला इमादुल्मुल्कानं मजबूत केला. बांधकामाचं डोकं ज्यांचं, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पण ते डोकं अजून वाचता येतं. दक्षिणेला कडाच पहारा देतो, म्हणून आतला किल्ला तिकडे. उत्तरेला गड डोंगराला जोडलेला, म्हणजे शत्रू आला तर इथूनच. म्हणून त्या बाजूला बाहेरचा किल्ला आणि त्याच्याही पुढे तिसरा तट. दोन किल्ल्यांच्या मध्ये खोल दरी. याशिवाय भरवसा होता तो मेळघाटच्या रानावर.

२९ नोव्हेंबर १८०३ ला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज हरली. आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. तो स्वतः दक्षिणेला थांबला आणि खरं काम कर्नल स्टीव्हन्सनला दिलं: डोंगराला वळसा घालून उत्तरेला पोचायचं. ७ ते १२ डिसेंबर, सुमारे ५० किलोमीटर. रस्ता नव्हताच. शिपायांनी तो झाडं तोडून, दऱ्या ओलांडत तयार केला आणि जड तोफा हातांनी ओढून नेल्या.

१२ तारखेच्या रात्री मोर्चे बांधले, १३ ला मारा सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारं पडली. १५ ला हल्ला झाला. आतल्या किल्ल्याचा तट मात्र शाबूत होता. तिथे कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीनं शिड्या लावल्या, आत उतरून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला, त्याच्याबरोबर गडावरचे असंख्य शिपाई.

आपण कॅम्पबेलची शिडी लक्षात ठेवतो. पण शिडी लावायच्या आधी सहा दिवस कुणीतरी दगड फोडत होतं, आणि गड खरा पडला तो तेव्हाच.

पुढची गोष्ट मला जास्त बोचते. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यात गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले; गेला तो वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड. ज्याच्या राखणीसाठी किल्ले होते, तो मुलूखच हातचा गेला. उरले ते तट आणि लगतचा थोडा मुलूख.

तट बांधणं आणि तट गाठणं, या एकाच विद्येच्या दोन बाजू आहेत. आज ती पुण्यात दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये शिकवतात. तिथे विषय असतात रस्ते, पूल, सुरुंग पेरणं आणि काढणं, खंदक. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी मार्गावर रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. सुरुंग काढले, आडवी पाडलेली झाडं हटवली, तीही गोळीबारात. त्यासाठी त्यांना परमवीरचक्र मिळालं. मेळघाटात तोफा ओढणाऱ्यांचं कामही याच जातीचं होतं. फक्त त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

आता गाविलगडावर गेलात, तर कड्याचा फोटो जरूर काढा. मग पाठ फिरवून थोडा वेळ उत्तरेकडेही बघा.