कुठून आणला?

हैदराबादला लग्नानिमित्त गेलो होतो. एक दुपार मोकळी मिळाली म्हणून बेगमपेठेत, जुन्या विमानतळाजवळची रोनाल्ड रॉसची वास्तू पाहून आलो. 20 ऑगस्ट 1897 रोजी रॉसने डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी ओळखला, ही गोष्ट आपण शाळेतच वाचलेली असते. शतकभरानंतर याच शहरात क्षयाच्या इतिहासातलंही एक पान लिहिलं गेलं, ते मात्र फारसं कोणाला ठाऊक नाही. मी त्याच्यापर्यंत पोचलो तो आजोबांमुळे.

आजोबांना सत्तरी उलटल्यावर क्षय झाला. वाड्यावर दुसऱ्या कोणालाच नव्हता. 'कुठून आणला?' हा एकच प्रश्न जो तो विचारी. कोणी म्हणे बाजारातून, कोणी म्हणे तावेर्नातून. आजीने त्यांचा पेला वेगळा ठेवला. आजोबा ऐकून घेत, बोलत काहीच नसत. त्यांचा थोरला भाऊ ऐन तारुण्यात क्षयानेच गेला होता. तेव्हा आजोबा बारा-तेरा वर्षांचे, आणि दोघे एकाच खोलीत निजत. पण साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट कोणाच्या डोक्यात येणार?

रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो 24 मार्च 1882 रोजी. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिली बेटावरच्या मेसिना गावी एल्या मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ताऱ्यामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला! शरीरात घुसलेल्या परक्याला गिळणाऱ्या पेशी असतात, हा विचार तिथून पुढे आला. 1908 चं नोबेल त्याला आणि पॉल एर्लिख यांना मिळून मिळालं.

या गिळणाऱ्या पेशींपैकी मोठ्या पेशींना मॅक्रोफेज म्हणतात. गिळलेला जंतू पेशीतल्या एका पिशवीत अडकतो. मग आम्ल आणि पाचक रसांनी भरलेल्या दुसऱ्या पिशव्या तिला येऊन मिळतात आणि जंतूचा निकाल लागतो. निदान लागायला हवा. 1971 मध्ये लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, की क्षयाचे जिवंत जंतू असलेल्या बहुतेक पिशव्यांना हे रस मिळतच नाहीत. जंतू ते मीलनच अडवतो. मग ज्या पेशीने त्याला संपवायचं तिच्यातच तो बिऱ्हाड थाटतो आणि सावकाश वाढतो. आतड्यातला जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, याला जवळजवळ एक दिवस लागतो. घाई कसली?

पण पेशी एवढी गप्प का बसते? या प्रश्नाचा एक धागा हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत हाती लागला. डीएनएवरून गुन्हेगार ओळखणारी संस्था म्हणून आपण तिला ओळखतो. तिथल्या संगीता मुखोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की जंतूचं पीपीई-18 नावाचं प्रथिन मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहकाला चिकटतं आणि पेशीकडून इंटरल्युकिन-10 तयार करून घेतं. हे रसायन म्हणजे 'आता शांत व्हा' असा शरीराचाच निरोप. तो निरोप शत्रू पाठवतो! पुढे 2012 मध्ये हे प्रथिन काढून टाकलेला जंतू उंदरांना देऊन पाहिला, तर तो कमी वाढला आणि उंदीर जास्त जगले.

गंमत म्हणजे हेच पीपीई-18 आता एम72 या प्रायोगिक लसीचा एक घटक आहे. आधीच संसर्ग झालेल्या आफ्रिकेतल्या प्रौढांमध्ये तिने तीन वर्षांत आजाराचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. तिची शेवटच्या टप्प्यातली मोठी चाचणी 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.

जगातल्या सुमारे चौथाई लोकांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग झालेला आहे. त्यातल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. वय झालं, अंगातली ताकद उतरली, की काहींच्या बाबतीत आतला बिऱ्हाडकरू जागा होतो.

आजोबांचंही तसंच झालं असावं. 'कुठून आणला' याचं उत्तर बाजारात नव्हतं, तावेर्नातही नव्हतं. ते बहुधा भावाच्या उशाशी होतं. आजोबा औषधांनी बरे झाले, पुढे आठ वर्षं जगले. पेला मात्र शेवटपर्यंत वेगळाच राहिला.